पाऊस कोणाच्या हद्दीत पडला?

परभणीच्या बसस्थानकावर जिंतूरच्या गाडीत चढलो, तेव्हा पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. खिडकीशी एक म्हातारबा बसले होते. डोक्याला पटका, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीच्या तोंडाशी गच्च धरलेला हात. मी हातातले वर्तमानपत्र उघडले. आतल्या पानावर जिल्ह्यातल्या पावसाचा तक्ता होता. बोलण्याला काही तरी निमित्त हवे, म्हणून मी म्हटले,

"काका, काल झरीला बरा पाऊस झालेला दिसतो."

म्हातारबांनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. "झरीला पडला असंल, पाव्हणं. आमच्या रानात ढेकूळसुदिक विरघळलं न्हाई."

"म्हणजे तुमचे गाव झरीच्या बाहेरचे?"

"गाव येगळं हाय. पर मंडळ झरीच!"

एवढे बोलून ते हसले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मी मात्र विचारात पडलो. वर्तमानपत्राच्या हिशेबी या गृहस्थाच्या शेतात काल पाऊस पडला होता. त्याच्या स्वतःच्या हिशेबी थेंबही पडला नव्हता. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. मग पाऊस पडला कोणाच्या हद्दीत?

आपण शाळेत भूगोल शिकतो आणि नागरिकशास्त्रही शिकतो. भूगोलात डोंगर, नद्या नि जमिनी. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती नि जिल्हा परिषद. दोन पुस्तके वेगळी, दोन मास्तर वेगळे. परंतु खेड्यातला शेतकरी या दोन्ही विषयांची परीक्षा एकाच दिवशी, एकाच बांधावर उभा राहून देत असतो. त्या दिवशी झरीला उतरायचे ठरवूनच मी निघालो होतो. उतरलो तो मात्र हा नवा प्रश्न घेऊन.

प्रथम झरी कोणती, ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात झरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी नावाचा तर तालुकाच आहे. आपली झरी परभणी तालुक्यातली. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. सोयाबीन, कापूस, तूर ही इकडची खरिपाची पिके. रब्बीला ज्वारी नि हरभरा. जमीन काळी. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन जो काळा पाषाण झाला, तो झिजून झालेली ही माती. ही काळी मोठी मानी असते. पाणी मिळाले की फुगते, पाय रुतवते. ओढ बसली की अशी भेगाळते की गुराचा खूर अडकावा. ओलावा पुष्कळ दिवस धरून ठेवते, म्हणून तर पावसाळा सरल्यावर नुसत्या दहिवरावर नि जमिनीतल्या ओलीवर इकडे शाळू उभा राहतो.

जिल्ह्याची ठेवणही समजून घेण्यासारखी आहे. उत्तरेला जिंतूरकडे डोंगरांच्या रांगा, दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूस बालाघाटचे डोंगर आणि मधे गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यांची सपाटी. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. परभणी तालुक्यातल्या एखाद्या शेताच्या बांधावरून ओघळलेले पाणी शेवटी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्याला लागते. वाटेत त्याला कोणी दाखला विचारीत नाही. पाण्याला तालुका नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. हद्दी असतात त्या माणसांना.

आणि त्या हद्दी किती म्हणून सांगाव्यात! झरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक गाव येते. सरकारदरबारी मात्र अशा एकाच नावात अनेक गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, महसुली गाव. त्याला शीव असते, गट नंबर असतात, सातबारा असतो. दुसरी, ग्रामपंचायत. दिवाबत्ती, नळाचे पाणी, गटारे, घरपट्टी हे तिचे काम. तिसरी, तलाठ्याचा सज्जा. त्यात एकाहून अधिक गावे असू शकतात. या तलाठ्यालाच २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे. चौथी, महसूल मंडळ. काही सज्जे मिळून एक मंडळ होते आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. परभणी तालुक्यात पेडगाव, जांब, सिंगणापूर, दैठणा, पिंगळी यांच्याप्रमाणेच झरी हेही एक मंडळ आहे. वर्तमानपत्रातल्या तक्त्यात जी झरी असते, ती ही!

एवढ्यावर संपत नाही. जिल्हा परिषदेचा गट निराळा, पंचायत समितीचा गण निराळा, पोलीस ठाण्याची हद्द निराळी. विधानसभेचा मतदारसंघ तर तालुक्याची शीवही पाळीत नाही. परभणी तालुक्याची काही मंडळे परभणी मतदारसंघात आहेत, तर काही पाथरीच्या. एखाद्या शेतकऱ्याने एका दिवसात सातबारा, घराचा उतारा, विहिरीचे अनुदान आणि चोरीची फिर्याद अशी चार कामे काढली, तर चार नकाशांवरून चार दिशांना हिंडावे लागते. प्रत्येक नकाशावर त्याचे घर असते. पण चारही नकाशांवर सारखी असलेली रेषा क्वचितच सापडते.

हे सारे झाले कसे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १८६५ साली दिवाण पहिला सालारजंग याने जिल्हाबंदी केली आणि वसुलाची विस्कळीत घडी बसविली. जिल्ह्याच्या प्रमुखाला तेव्हा कलेक्टर म्हणत नसत. अव्वल तालुकदार म्हणत. तालुक्याला तहसीलदार. गावात वसुलाला माली पाटील, बंदोबस्ताला पोलीस पाटील आणि दप्तराला पटवारी. दरबारी कामकाज उर्दूत, साल फसली, रुपया हाली. शेतकऱ्याचे बोलणे मराठी आणि त्याच्या जमिनीचा कागद मात्र त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत! त्यामुळे जमिनीच्या हद्दीविषयी जो एक सनातन धाक इकडच्या माणसाच्या मनात दिसतो, त्याचे मूळ पुष्कळसे तिथे आहे. आजही जुना वाद निघाला की लोक १९५४ सालचे खासरा पत्रक शोधू लागतात.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६१ चा जिल्हा परिषदेचा कायदा आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदांची स्थापना, अशी ही पायरी पायरीने आलेली व्यवस्था आहे. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचा आधार मिळाला. ज्या गावात चावडीपुढे बायका पदर सावरून आडवाटेने जात, तिथे १९९३ नंतर एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आल्या. हा बदल लहान नव्हे.

त्याबरोबर जिल्हा मात्र आक्रसत गेला. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीकडून तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पाच जिल्ह्यांच्या मराठवाड्याचे आठ जिल्हे झाले. कारण योग्य होते. एका दाखल्यासाठी मुक्काम करून येणाऱ्या माणसाला कचेरी जवळ हवी होती. कचेरी जवळ आली खरी. पण कचेरी जवळ येणे आणि निर्णय जवळ येणे, या दोन गोष्टी एक आहेत काय?

इथे मला एका दूरच्या देशाची आठवण होते. डेन्मार्क हा चिमुकला, समुद्राने वेढलेला देश. त्याचा किनारा सात हजार किलोमीटरांहून लांब भरतो आणि देशातले कोणतेही ठिकाण समुद्रापासून बावन्न किलोमीटरांपेक्षा दूर नाही. वस्ती साठ लाखांच्या घरात. आपल्या परभणी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देशाचा आकार समजतो. त्या लोकांनी आपल्या नेमके उलट केले. एकेकाळी तिथे हजाराहून अधिक लहान लहान नगरपालिका होत्या. १९७० मध्ये त्यांच्या २७७ केल्या आणि १ जानेवारी २००७ रोजी २७१ च्या ९८! बोर्नहोम नावाच्या बेटावर पाच पालिका होत्या. तिथल्या लोकांनी २००३ मध्येच त्या मोडून साऱ्या बेटाची एक केली.

मग तिथला कारभार लोकांपासून दूर गेला का? काही ठिकाणी तशी ओरड झाली. पण एक गोष्ट विसरता येत नाही. तिथली पालिका आपल्या रहिवाशांच्या उत्पन्नावरचा कर स्वतः ठरवते. शाळा, पाळणाघरे, म्हाताऱ्यांची देखभाल, रस्ते, सारे तीच पाहते. हद्द मोठी केली, पण थैलीची दोरी तिच्याच हाती ठेवली. आपल्याकडे ग्रामपंचायतीची हद्द लहान आणि घरपट्टी-पाणीपट्टी सोडली तर थैली बहुतेक वरून येणारी. हे आपण कमी नि ते थोर असे म्हणण्यासाठी मी लिहीत नाही. त्यांचा देश श्रीमंत आहे, पाऊस बारमाही आहे आणि त्यांचे पोट मृगाच्या सरीवर अवलंबून नाही. सांगायचे इतकेच की, हद्द लहान की मोठी हा खरा प्रश्न नव्हे. त्या हद्दीत काय मोजले जाते आणि कोणाच्या हातून, हा खरा प्रश्न आहे.

आता पुन्हा म्हातारबांच्या रानाकडे वळू. शेतकऱ्याचे नुकसान मोजण्याची आपल्याकडे एक नव्हे, तीन मापे आहेत. पहिले माप पैसेवारी. जुन्या काळी पीक सोळा आणे आले की पूर्ण, आठ आणे आले की निम्मे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. लोक अजून आणेवारीच म्हणतात. हे माप गावाचे. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा फीची माफी अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो.

दुसरे माप पावसाचे आणि ते मंडळाचे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. मग पंचनामे होतात आणि तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर मदत मिळते. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावर साऱ्या तालुक्याचा हिशेब चाले. २०१७ पासून महावेध योजनेत राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत आपोआप नोंद करणारी हवामान केंद्रे बसविली गेली. ही मोठीच सुधारणा झाली.

तिसरे माप पिकाच्या उताऱ्याचे, तेही मंडळाचे. २०१६ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आली. मंडळ हा घटक धरला की प्रत्येक पिकासाठी दहा पीककापणी प्रयोग करायचे. ठरीव आकाराचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. त्या दहा तुकड्यांची सरासरी म्हणजे साऱ्या मंडळाचे उत्पन्न. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळू लागला. त्या वर्षी ऑगस्टात पावसाने पाठ फिरविली, तेव्हा 'सलग २१ दिवसांचा खंड' हे शब्द मराठवाड्यात पोरासोरांच्या तोंडी झाले. कुठल्या मंडळात खंड वीस दिवसांचा आणि कुठल्या मंडळात एकवीस, यावर गावोगाव चर्चा चाले. २०२५ पासून ती एक रुपयाची योजना बंद झाली. हप्ता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का नि नगदी पिकांना पाच टक्के असा पूर्ववत झाला आणि भरपाईची भिस्त मुख्यतः मंडळाच्या उत्पन्नाच्या मोजमापावर आली.

मंडळ म्हणजे केवढे? परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आणि मंडळे पन्नासच्या आसपास. म्हणजे सरासरीने एका मंडळाच्या वाट्याला सव्वाशे चौरस किलोमीटर मुलूख येतो. पर्जन्यमापकाचे तोंड असते वीतभर. एवढ्याशा तोंडाने सव्वाशे चौरस किलोमीटरांची साक्ष द्यायची! मृगाचा वळीव तर बैलाच्या एका शिंगावर पडतो नि दुसरे कोरडे ठेवतो, असे आपले लोक म्हणतात. त्या वळवाला मंडळाची शीव कोण दाखवणार? यंत्राचा यात दोष नाही. त्याच्या तोंडात जे पडले, ते त्याने खरे सांगितले. नोंद घेणाऱ्याचाही नाही. अडचण आहे ती एका जागेचे सत्य साऱ्या हद्दीचे सत्य मानण्यात.

झरीला उतरल्यावर म्हातारबांनी मला चहा घ्यायला लावला. पाव्हण्याने पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता. चहा पिता पिता त्यांनी मेहुण्याची गोष्ट सांगितली. मेहुण्याचे गाव दुसऱ्या तालुक्यातले. त्याचे रान एका मंडळाच्या शिवेला आणि बांधापलीकडचे रान दुसऱ्या मंडळात. एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. दोन्ही रानांत गुडघाभर पाणी, दोन्हीकडे सोयाबीन आडवे. सकाळी आकडे आले, तर बांधापलीकडचे मंडळ पासष्टच्या वर आणि अलीकडचे थोडेसे खाली.

"पुढं पंचनामे झाले म्हणा, त्येलाबी कायबाय मिळालं," म्हातारबा म्हणाले. "पर लई उशिरानं. तवर पेरणीची येळ निघून गेली. बी घ्यायला पैका न्हाई, म्हणून त्यानं रबी पडीकच टाकली. एका बांधाचं अंतर, पाव्हणं. अलीकडं पडीक आन् पलीकडं ज्वारी!"

हिशेब करून पाहिला तर मन थक्क होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एका एकरावर पासष्ट मिलिमीटर म्हणजे दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी! ते ज्याच्या रानातून वाहून जाते, त्याला ते डोळ्यांनी दिसते. कागदावर मात्र त्याचा एक आकडा होतो. त्या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे पुढच्या हंगामाचे बियाणे, मुलीची फी, सावकाराचा दरवाजा, सगळे अवलंबून असते.

याला उपाय काय? मंडळांची फेररचना होऊन ती लहान होत आली आहेत. गावोगाव मापक बसवावा ही मागणीही जुनी आहे. ते होईल तेव्हा होईल. परंतु मला वाटते, त्याआधीची एक पायरी आपल्या हातात आहे. आपले गाव कोणत्या मंडळात, मंडळाचा मापक कुठे, पीककापणीचे प्रयोग कोणत्या गट नंबरांत लागले, या गोष्टी ग्रामसभेत विचारता येतात. पीककापणीच्या वेळी जाऊन उभे राहता येते. ज्या देशात पालिका बळकट आहेत, तिथे त्या कायद्याने झाल्या असतील. टिकल्या आहेत त्या विचारणाऱ्या माणसांमुळे. आपल्या मुलांना शाळेत राज्याच्या राजधान्या पाठ येतात. त्यांना आपल्या मंडळाची शीवही माहीत असावी.

हे सारे मी म्हातारबांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ते ऐकत होते. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. नातवाची जुनी शाळेची वही, कोपरे दुमडलेली. आत शिसपेन्सिलीने तारखा आणि आकडे मांडलेले. घराच्या मोकळ्या अंगणात, झाडापासून दूर, त्यांनी सरळ काठाचा एक डबा पुरून ठेवला आहे. रोज सकाळी नातू त्यात पट्टी बुडवतो आणि सेंटिमीटर-मिलिमीटर मोजून वहीत लिहितो. सहा पावसाळे त्या वहीत होते.

"हे कचेरीत चालतं का?" मी विचारले.

"न्हाई चालत," ते शांतपणे म्हणाले. "चालावं म्हणून लिवत न्हाई. पर उद्या कुनी इचारलं, तुमच्या गावात पाऊस कवा पडला, तर गावाला म्हाईत पाहिजे का न्हाई?"

गावाकडे जाणारी रिक्षा आली. म्हातारबा उठले, वही पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवीचे तोंड हाताने गच्च धरले. बसमध्ये मला वाटले होते, तिथे पैसे असावेत.

परतताना पुन्हा तोच तक्ता उघडून पाहिला. झरीपुढे एकच आकडा होता. त्याच्याशेजारी त्या वहीतला आकडा माझ्या मनात उभा राहिला, आणि दोन्ही खरे होते.